पाइपला न घातलेलं पाणी

मे महिन्यातल्या शेवटच्या मंगळवारी, दुपारच्या जेवणाआधी, घराच्या मागे वीज लागून तू मेलास. उजव्या मुठीत तार होती. डावा हात जमिनीत पुरलेल्या लोखंडी पाइपवर होता. पान्हा आणि पॉलिश पेपरचा तुकडा बाजूला पडला होता. पोलादपूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांना फक्त वेळ लिहायची उरली होती.

दादा, बातमी मीच दिली. चार ओळींची. आयटीआयच्या निदेशकाचा विजेच्या धक्क्याने मृत्यू. वय, गाव, मागे कोण कोण, हे सगळं त्यात आलं. इथे पुन्हा सांगत नाही. त्या चार ओळींत जे बसलं नाही ते वेगळं आहे. तुझ्या मरणाला मंदावहिनी कारण आहे असं आई म्हणते. वाडी म्हणते. पहिले काही दिवस वहिनी स्वतःही तेच म्हणत होती. त्या दिवशी तिने पाइपला पाणी घातलं नाही, एवढाच आरोप आहे. तो खरा की खोटा हे तू शिकवलेल्या गणितानेच कळतं. म्हणून ते तुलाच सांगतो आहे.

ते गणित तू मला शिकवलंस तेव्हा मी शाळेत होतो आणि तू स्वतः आयटीआयला शिकत होतास. मल्टिमीटरच्या दोन काड्या माझ्या दोन हातांत दिल्यास. आकडा वाचलास. मग माझे हात कळशीत बुडवायला लावलेस आणि पुन्हा वाचलास.

‘कोरडा असला की हा लाखांत हाय,’ तू चुलीपाशी बसलेल्या आईला ओरडून सांगितलंस, ‘ओला केला की हजारांत. ह्याच्यात काय दम नाय गो आई.’

आई हसली. मीही हसलो, कारण नसतो हसलो तर टपली बसली असती.

व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. व्होल्टला अँपिअरने गुणलं की शक्ती मिळते, वॅटमध्ये. दोन गोष्टी मोजल्या की आणखी दोन कळतात, त्या कोणाला विचाराव्या लागत नाहीत. ‘नुसतं व्होल्टेज सांगतो तो गप्पा मारतो,’ तू म्हणायचास. ‘करंट किती ते विचार त्याला.’ बातमीदारीत मी आयुष्यभर हेच केलं. एकाने सांगितलं ते लिहायचं नाही, दुसरं मोजमाप मागायचं. हे मला संपादकाने शिकवलं नाही, तू शिकवलंस. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मग अजून एवढ्या चुका का छापता.

वर्गात तू क्रूर होतास. गणित चुकलेल्या मुलाला फळ्यापाशी उभं करून तू बाकीच्यांना विचारायचास, ‘ह्याच्या डोक्याचा रोध किती?’ सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, ‘अनंत!’ तुझ्या अंत्यविधीला महाडहून तुझे जुने विद्यार्थी आले होते. त्यातल्या एकाने हे मला सांगितलं. सांगताना तो हसला. मग म्हणाला, ‘मी त्या फळ्यापाशी उभा राहून वायरमन झालो. पण सरांना कधी माफ केलं नाही.’ हेही तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं.

आणि तरीही महाडच्या बाजारपेठेत पूर ओसरल्यावर तू याच मुलांना घेऊन चिखलातून दुकानादुकानात फिरला होतास. बोर्ड उघडायचे, धुवायचे, वाळवायचे, तपासायचे. भांड्यांचा एक वयस्क व्यापारी घाई करत होता, ‘मास्तर, सुकलंय की सगळं, लावा ना लाइट.’ तू म्हणालास, ‘चाचा, सुकलेलं दिसतं आणि सुकलेलं असतं, यात तुमचा जनाजा बसतो.’ त्याने दुसऱ्या दिवशीपर्यंत बटणाला हात लावला नाही. बाजारात वीज परत आली तेव्हा कोणाला साधा झटकाही बसला नाही. हे काम तुझं होतं. त्याबद्दल तुझा कोणी सत्कार केला नाही आणि तूही तो मागितला नाहीस.

म्हणून पाइपची गोष्ट समजायला जड जाते.

खांबावरून घरात दोन तारा येतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. गेल्या पावसाळ्यात ऐनाच्या झाडाची फांदी पडून परतीची तार तुटली. तू फोन केलास. माणूस परवा येईल, असं उत्तर मिळालं. ‘परवापर्यंत काय काजवे पकडू?’ असं म्हणून तू फोन ठेवलास. घराच्या मागे न्हाणीचं पाणी मुरतं तिथे तू पाइप ठोकलास, भोवती मीठ आणि कोळसा भरलास आणि परतीची वीज त्या पाइपला जोडलीस. तारेऐवजी माती. दिवे लागले. दोन दिवसांनी लाइनमन खरोखरच आला. त्याला तू चहा पाजलास आणि म्हणालास, ‘काम झालंय. जा.’

पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा तू मला मागे नेलंस.

‘हे चुकीचं आहे ना, दादा?’ मी विचारलं.

‘चुकीचं काय ते मोजून सांग.’

मीटर तूच लावलास. पाइपवर वीस व्होल्ट. तारेतून दोन अँपिअर.

‘भाग,’ तू म्हणालास.

‘दहा ओहम.’

‘गुण.’

‘चाळीस वॅट.’

‘झालं. जमिनीखाली एक चाळीसचा बल्ब लावलाय असं समज. पूर्वजांना उजेड.’ तू हसलास. पाऊस पडत होता आणि पाइपच्या भोवती घोट्याएवढं पाणी साचलं होतं.

‘आणि उन्हाळ्यात? माती सुकली की रोध वाढेल.’

‘वाढेल ना. मग पाणी घालू.’

‘कोण घालणार?’

तू स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलंस. आत वहिनी भांडी घासत होती.

एक अडचण राहिली होती. तुझ्या बोर्डावर एक छोटं यंत्र होतं. घरात जितका करंट जातो तितकाच तारेने परत येतो का, एवढंच ते बघतं. फरक पडला की वीज तोडतं. माणसाच्या अंगातून करंट मातीत जायला लागला की ते माणसाला वाचवतं. इथे सगळाच करंट मातीत जात होता, म्हणून ते चालू टिकेचना. तू ते काढलंस आणि कपाटावर ठेवलंस. त्याच आठवड्यात तू आयटीआयमध्ये मुलांना ते कसं बसवायचं हे शिकवत होतास. मी विचारलं तर म्हणालास, ‘ते अडाण्यांसाठी असतं.’

हा वाद आपण पूर्ण केला नाही. बस आली आणि मी निघालो.

संक्रांतीनंतर माती सुकायला लागली आणि वहिनीच्या कामांत एक काम वाढलं. सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की मूठभर मीठ टाकलेली एक बादली मागच्या पाइपला. शेजारणी हसायच्या, ‘मंदे, तुझा ह्यो देव खारट पाणी पितो गो.’ मार्चपर्यंत ती त्यांच्यात मिसळून हसत होती. मग झरा आटला, विहीर तळाला गेली आणि वाडीला टँकर सुरू झाला. पाणी पिण्याचं, म्हशीचं, भांड्यांचं, आणि त्यातली एक बादली पाइपची. ती बादली चुकली की संध्याकाळी तू मीटर लावायचास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा वाचायचास.

वहिनी सव गावची. तिच्या माहेरी कुंडांत जमिनीतून गरम पाणी येतं. त्यावरून तू तिला कायम टोचायचास.

‘तुमच्या सवला फुकट पाणी येतं ना जमिनीतनं, म्हणून तुला बादलीची किंमत नाय.’

‘किंमत हाय म्हणून तर मातीत ओतवत नाय,’ ती म्हणायची. आणि ओतायची.

मंगळवारी काय झालं हे मी आईला आणि वहिनीला वेगवेगळं विचारलं. दोघींचं सांगणं जुळतं.

सकाळी वहिनीने ती बादली उचलली आणि पाइपकडे न जाता न्हाणीत नेली. टँकर सुरू झाल्यापासून तिने डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. तुला सुट्टी होती, तू पडवीत दाढी करत होतास.

‘पाइपचं काय?’ तू विचारलंस.

‘पाइपला केस नायत,’ ती आतून म्हणाली.

आई तुला म्हणाली, ‘ऐकलंस रे? बायकूची जीभ बघ.’

त्यानंतर तू वहिनीशी बोलणं बंद केलंस. तुझा अबोला घरात सगळ्यांना माहीत होता. ताटावर बसून समोर उभ्या असलेल्या बायकोबद्दल आईला सांगायचास, ‘तिला म्हणावं भाकर आण.’ एकदा हे होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चाललं होतं. त्यावर मी हसलो होतो. वहिनी हसली नव्हती.

दुपारी पंखा रेंगाळायला लागला. फ्रीज नुसता घुमायचा, सुरू होत नव्हता. तू मीटर आणि पान्हा घेऊन मागे गेलास. मेन स्विच स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. वहिनी तिथेच पंख्याखाली केस वाळवत बसली होती. ‘मेन पाड’ एवढी एक हाक पुरली असती. ती हाक तू मारली नाहीस. चालू असतानाच मोजायचं होतं म्हणून, की तिच्याशी बोलायचं नव्हतं म्हणून, हे आता सांगता येणार नाही. चालू ठेवून मोजावंच लागतं, हे खरं आहे. पण मोजून झाल्यावर तू नट सैल केलास, गंज घासायला, आणि त्या वेळी वीज चालूच होती. तार पाइपपासून सुटली. एका हातात तार, दुसऱ्या हातात पाइप. मध्ये तू.

आत पंखा थांबला.

‘लाइट गेली गो,’ आई म्हणाली.

‘येईल,’ वहिनी म्हणाली.

काही वेळाने जेवायला बोलवायला आई मागे गेली. तिची किंकाळी ऐकून वहिनीने आधी मेन पाडला आणि मग धावली. तुझ्या घरात त्या दिवशी नियमाने वागलेली ती एकटी होती.

वाडीतल्या बायका जमल्या तेव्हा तुला माजघरात ठेवलं होतं आणि वहिनी तुझ्या पायांशी बसली होती. तिचे केस मोकळे होते. पुढचं मी स्वतः ऐकलं आहे. मी महाडहून पोचलो होतो आणि दाराबाहेर उभा होतो.

‘केस बघ गो हिचे. ओलेच हाईत अजून.’

‘पाइपचं पाणी ते. सासू सांगते ना. त्याचं पाणी हिनं डोक्यावर घेतलान.’

‘घो मरत व्हता नि ही न्हात व्हती.’

आई कोपऱ्यात बसून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती. ‘एक बादली, गो. एका बादलीसाठी माझा सोन्यासारखा पोर नेला हिनं.’ वहिनीने मान वर केली नाही. दहाव्या दिवसापर्यंत तिने केस विंचरले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘हात लागला की पाणी आठवतं, भाऊजी.’

विजेच्या अपघातात माणूस मेला की विद्युत निरीक्षक येतात. आपल्याकडे एक मध्यमवयीन, कमी बोलणारे गृहस्थ आले. त्यांनी बोर्ड बघितला, कपाटावरचं यंत्र बघितलं, ते खाली काढून पुसलं आणि मला विचारलं, ‘हे आयटीआयला शिकवायचे?’ मी हो म्हणालो. त्यांच्या माणसाने रबरी हातमोजे घालून तार पुन्हा पाइपला जोडली, वीज सुरू केली आणि मोजलं. माती तुझ्या मरणाच्या दिवशी होती तशीच कोरडी होती.

पाइपवर एकशे पंधरा व्होल्ट. तारेतून एक अँपिअर.

भागाकार मी केला. एकशे पंधरा ओहम. पावसाळ्यात दहा होते. गुणाकारही केला. एकशे पंधरा वॅट मातीत. खांबावरून दोनशे तीस येत होते. निम्मे घराला, निम्मे मातीला. म्हणून पंखा रेंगाळत होता.

मग मी त्यांना विनंती केली की एक बादली पाणी घालून पुन्हा मोजा. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माजघराच्या दाराकडे बघितलं, तिथे आई उभी होती, आणि त्यांच्या माणसाला म्हणाले, ‘घाल.’ मीठ घातलेली पूर्ण बादली ओतली. मुरू दिली. ब्याण्णव व्होल्ट, एक पूर्णांक दोन अँपिअर. भागलं तर सत्त्याहत्तरच्या आसपास. पाण्याने रोध उतरला, हे खरं. आईने मान हलवली. तिला वाटलं तिचं म्हणणं सिद्ध झालं.

‘पण ते तार जोडलेली असताना,’ निरीक्षक म्हणाले. ‘तार सुटल्यावर हिशोब वेगळा.’

तो वेगळा हिशोब असा. तार सुटल्यावर घरातून आलेला करंट तुझ्यातून मातीत गेला. वाटेत तीन रोध, एकापुढे एक. घराचा, निम्मे व्होल्ट त्याच्यावर म्हणून मातीइतकाच, एकशे पंधरा. तुझ्या अंगाचा, निरीक्षकांनी धरला तो, हजार. मातीचा, कोरड्या, एकशे पंधरा. बेरीज बाराशे तीस. दोनशे तीस व्होल्टला बाराशे तीसने भागायचं. एकशे सत्त्याऐंशी मिलिअँपिअर. हृदय बंद पडायला याच्या निम्मा करंटदेखील पुरतो, हे तू दर वर्षी फळ्यावर लिहायचास.

आता वहिनीने पाणी घातलं असतं तर. मातीचे एकशे पंधराऐवजी सत्त्याहत्तर. बेरीज अकराशे ब्याण्णव. एकशे त्र्याण्णव मिलिअँपिअर.

जास्त. थोडाच, पण जास्त. माती ओली असती तर करंटला तुझ्यातून जायला वाट अधिक सोपी झाली असती. पाणी न घातल्याने तू मेला नाहीस. पाणी घातलं असतं तरी घराला एकशे अडतीसच व्होल्ट मिळाले असते, पंखा रेंगाळलाच असता, आणि चालू तार सोडवून तू मेला असतास. पावसाळ्यात घोटाभर पाण्यात नट सैल केला असतास तर याहूनही लवकर.

तू इथे मला थांबवलं असतंस, हे मला माहीत आहे. ‘अंगाचे हजार कुठून आणलेस? मोजलेस का?’ नाही मोजले. धरले आहेत. मे महिन्याची दुपार, घामाने निथळणारे हात, लोखंडावर घट्ट पकड; हजारहून कमीच असतील, असं तू म्हणाला असतास, आणि ते बरोबर असतं. आठशे धरून पाहिले. सहाशे धरून पाहिले. प्रत्येक वेळी ओल्या मातीचा आकडा कोरडीपेक्षा मोठा येतो. तुला तपासून बघायला आवडलं असतं. तुझ्याखेरीज हे ज्याच्याशी भांडून तपासावं असं माझ्याकडे कोणी नाही.

त्या संध्याकाळी मी वहिनीला हे सांगितलं. आकडे न सांगता, साध्या शब्दांत. ती ऐकत राहिली. मग विचारलं, ‘म्हणजे मी पाणी घातलं असतं तर त्यांना जास्त लागली असती?’

‘थोडी.’

‘आणि त्यांनी हाक मारली असती तर?’

‘तर काहीच झालं नसतं.’

‘मी मारली असती तर?’ तिने विचारलं. ‘पंखा बारीक झाला तेव्हा मला वाटलं व्हतं इचारावं, काय करता म्हणून. म्हटलं, बोलत नाय ना, तर मी का बोलू.’

याला भागाकार नाही. मी तिला तसं सांगितलं नाही. चहा करायला सांगितला.

आईला मी सगळं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तांदळाचे दाणे मांडून सांगितलं, घराचे इतके, दादाचे इतके, मातीचे इतके. ती बघत होती. शेवटी तिने दाणे हाताने गोळा करून सुपात टाकले.

‘गणित त्याला बी येत व्हतं,’ ती म्हणाली.

परतीची तार आता पुन्हा खांबावरून आली आहे. तुटलेल्या तारेच्या जागी नवी लावायला माणसाला एका सकाळपेक्षा कमी वेळ लागला.

निरीक्षकांचा अहवाल गुरुवारी मिळाला. सुरक्षा यंत्र काढून टाकणे, परतीच्या तारेऐवजी जमिनीचा वापर आणि वीज सुरू असताना जोडणी सोडवणे, ही तीन कारणं त्यात आहेत. तिन्ही वाक्यांत कर्ता तू आहेस. मी तो आईला वाचून दाखवला. तिने विचारलं, ‘आणि तिचं नाव?’ मी म्हणालो, नाही. ‘मग त्यांना ठाव नाय,’ आई म्हणाली.

शनिवारी सकाळी वहिनीचा भाऊ सवहून रिक्षा घेऊन आला. वहिनीने एक ट्रंक आणि एक पिशवी घेतली. पडवीत ती आईच्या पाया पडायला वाकली. आईने पाय आखडून लुगड्याखाली घेतले. वहिनी सवला पोचल्याचा तिच्या भावाचा फोन दुपारी आला.